बाथरूमची मूठ

किल्लीवाल्याचं देवाशी भांडण होतं, आणि तेही श्रेयावरून. गावभराची कुलपं उघडणाऱ्या या माणसाने घरात काही दुरुस्त करायचा अवकाश, की बायको त्याच्यापुढे चहाचा कप ठेवायची आणि म्हणायची, "पावलास रे देवा!" खिडकी बसवली, देव पावला. अडकलेलं कपाट उघडलं, देव पावला. अंगठा ठेचला तो मात्र याचा.

"एकदा तरी म्हण, तुम्ही केलंत म्हणून," तो शेवटी बोललाच.

"तेच तर म्हणते," बायको म्हणाली आणि भांडी लावायला गेली.

झालं! किल्लीवाल्याने संप पुकारला. बाथरूमच्या दाराची मूठ हल्ली नुसतीच गरगर फिरायची. खटका कधी सरकायचा, कधी नाही. बायकोने सांगितलं, तर हा म्हणतो कसा, "तुझ्या देवाला सांग. त्याच्याकडे असतील की हत्यारं." बायको बिचारी दार नुसतं लोटून, पुढे बादली लावून आंघोळ करू लागली. नाक दाबलं की तोंड उघडेल, असा याचा हिशोब होता.

रविवारी सकाळी हा शहाणा सवयीप्रमाणे दार धाडकन लावून आंघोळीला गेला. आंघोळ झाली, टॉवेल गुंडाळला, मूठ फिरवली. मूठ फिरली आणि फिरतच राहिली. हत्यारांची पिशवी बाहेर, बायको बाजारात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खांद्याने ढकलून झालं, साबणदाणीने ठोकून झालं. मग शिंका सुरू झाल्या, आणि आपण म्हातारे झालो आहोत हे त्याला एकदम आठवलं. इथेच चक्कर येऊन पडलो तर? त्याला खरोखर भीती वाटली. उगाच भांडलो, असंही वाटलं. कुणाशी, ते मात्र ठरेना.

"अरे, कुणीतरी या रे!"

"ओरडू नका, आले मी," बाहेरून बायकोचा आवाज आला. पाठोपाठ पिशवी उपडी केल्याचा खणखणाट. "तुमची ती प्लास्टिकची पट्टी कुठाय? हं, सापडली."

"अगं, तुला नाही जमायचं! खटक्यापाशी घाल... जोर नको लावूस..."

"गप्प बसा. जन्मभर बघतेय."

पट्टी फटीतून आत आली, थोडी धडपडली आणि खटका मागे सरला. दारात बायको उभी होती: घामाघूम, एकाच पायात चप्पल, केस कपाळाला चिकटलेले. तिला बघताच याच्या तोंडून निघून गेलं, "पावलास रे देवा!"

"देव कुठून आला मध्येच? बोट कापलं ते माझं!" बायको कडाडली.

"अगं, मी काय वर बघून म्हणालो? तुझ्याकडे बघून म्हणालो."

बायकोने कापलेलं बोट तोंडात घातलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग बोट काढून म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं कुठे बघून म्हणत होते?"

किल्लीवाला टॉवेल सावरत तसाच उभा राहिला. चहाचे ते सगळे कप त्याला आठवले. छताकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने शिंकेवर ढकललं.

"उभे काय राहिलात? अंगात काहीतरी घाला आणि ती मूठ बसवा," बायको म्हणाली. "मी चहा टाकते."