पापोचा फटका

"काचेतून येतंय की ऊन. अजून काय पाहिजे त्या सरड्याला, समुद्रकिनारा?" ओडालिस मावशी कडाडली.

"काचेतल्या उन्हाचा त्याला उपयोग नाही, मावशी. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना. आणि सरडा नाही, इग्वाना आहे तो," ओस्निएलही चिडला आणि पापोला टबात घालून बाल्कनीत घेऊन गेलाच.

मावशीचा मुलगा नोकरीसाठी टॅम्पा शहरात गेला, तेव्हा पापोला मागे टाकून गेला. वर्षभर त्याला नुसता लेट्यूस आणि उरलासुरला घेवड्याचा भात मिळाला. हाडं मऊ पडली, जबडा सुजला. पाय ओढत चालतोय हे शाळा सोडून मावशीकडे राहणाऱ्या आणि गाड्या धुवून चार पैसे कमावणाऱ्या ओस्निएललाच आधी दिसलं. दीड महिना तो त्याला कॅल्शियमची पूड लावून मोहरीचा पाला भरवत होता आणि रोज मावशीशी भांडून उन्हात नेत होता. पापो मात्र चिंधीसारखा पडून असायचा. अंगात जोर आला की कळेलच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

मावशी तणतणत बाल्कनीत आली. "जिवंत तरी आहे का बघू," म्हणत तिने टबात हात घातला. सपकन शेपटी फिरली आणि तिच्या मनगटावर लाल वळ उठला.

मावशी तिथेच खाली बसून हसायला लागली. "मारतोय मेला. अरे, केवढ्या जोरात मारतोय."

ओस्निएलचा जीव भांड्यात पडला. "अर्धा तास राहू दे त्याला उन्हात. टबावर थोडी सावली ठेव. मला आता निघायला हवं, गाड्या धुवायच्यात."