टंगस्टनची रेषा

दुष्काळात कन्नडजवळचं रान वाळलं, तसा केरबा मेंढरं विकून लेकीकडं हर्सूलला राहायला आला. लेक सुकेशनी विद्यापीठात संशोधन करत होती. अणू एकत्र जोडून ऊर्जा काढू पाहणाऱ्या फ्यूजन यंत्राच्या भिंतीतला टंगस्टन धातू आतल्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत मिसळला की त्याच्या अणूतले निम्म्याहून जास्त इलेक्ट्रॉन निघून जातात. अशा अणूच्या प्रकाशाची एक नवी रेषा वर्णपटात सापडल्याचा तिचा शोधनिबंध नुकताच छापून आला होता.

त्या दुपारी यंत्रावर काम करणाऱ्या मंजुषाताईंचा व्हिडिओ कॉल आला. "आज आम्ही प्लाझ्मात मुद्दाम टंगस्टन सोडला. टंगस्टनच्या बाकीच्या रेषा उजळल्या, तुझी होती तशीच राहिली. ती यंत्रातल्या तांबे धातूच्या रेषेशी जुळते, सुकेशनी."

बाहेर टँकर आला होता, बायका हाका मारत होत्या, पण सुकेशनी उठली नाही.

केरबा घाबरला. "काय झालं, माय? कुणी गेलं का?"

"नाय आबा. मी छापलं ते सगळं चुकलं."

केरबा हंडे उचलून पाण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तो परतला तेव्हा ती फोनवर म्हणत होती, "ताई, आजचा डेटा पाठवा. निबंध मागं घेताना कारण नीट लिहायला हवं."