नकाराचा अ

सातवीतल्या जानीने ‘नापीक’ या शब्दाच्या मधोमध खडूने उभी रेघ मारली आणि व्हरांड्यात मांडी घालून बसलेल्या पाचवीच्या पोरींकडे वळून विचारलं,

“पीक म्हणजे काय गं?”

“भात, नागली!” पोरी ओरडल्या.

“आणि ना?”

“नाही!”

“मग जिथं पीक येत नाही ती नापीक जमीन. झाला अर्थ. पाठ कशाला करायचा?”

आत शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासणाऱ्या नीताबाईंचं लाल पेन थांबलं. शेवटचा प्रश्न आपल्यालाच मारलेला टोमणा आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. तसं काही नव्हतं. बाई खिडकीशी बसल्यात हे जानीच्या गावीही नव्हतं. पण एकदा पोटात दुखायला लागलं की माणूस एवढी चौकशी कुठे करतो!

जव्हारहून दाभोशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आश्रमशाळेत मराठी म्हणजे नीताबाई, असंच वर्षानुवर्षं चालत आलं होतं. पोरींची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. म्हणून बाई शब्द आणि त्याचा अर्थ फळ्यावर लिहीत, पोरी तो घोकत आणि सोमवारी म्हणून दाखवत. निकालही चांगला लागे. यात कुणाला काही खटकलं नव्हतं. मग जूनमध्ये मोखाड्याकडच्या भारतीबाई बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सातवीच्या वर्गात विचारलं, “शेवळं कशी साफ करता गं?”

पोरी आधी लाजल्या. रानभाजीचं नाव वर्गात कुणी काढलंच नव्हतं. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. वरचं पान सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो.

“शब्दाचंही तसंच करायचं,” भारतीबाई म्हणाल्या. “पुढे काय चिकटलंय ते बघा, मागे काय लागलंय ते बघा. उरलेलं तुमच्या ओळखीचं निघतंच.”

त्या दिवसापासून शाळेत शब्द सोलायचं खूळ शिरलं. निर्जन, बेपत्ता, भांडखोर, सहनशील. पोरी जेवणाच्या रांगेतसुद्धा शब्द फोडायच्या. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर जानी.

नीताबाईंना खुपलं ते हेच. दुसरी कुणी असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. जानीचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात ते पावसाच्या तोंडावर परतत. पहिलीत आली तेव्हा ही पोर दाराची चौकट धरून रडायची. तिला बोलती केली नीताबाईंनी, वाचायला शिकवलं नीताबाईंनी. रोज संध्याकाळी ती त्यांच्या क्वार्टरवर यायची आणि जेवणाची घंटा होईपर्यंत हलायची नाही. यंदा नीताबाईंची मुलगी हर्षाली नाशिकचं आजोळ सोडून आईजवळ राहायला आली, तिचं जव्हारच्या शाळेत नाव घालणं, एसटीचा पास काढणं यात महिना गेला. जानीचं येणं बंद झालंय हे बाईंच्या लक्षात आलं, तोवर ती भारतीबाईंची सावली झाली होती.

“आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय?” नीताबाई घरी भांडी आदळत म्हणाल्या. हर्षालीने कोण म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसल्या.

तालुक्याला शब्दार्थांची स्पर्धा होती. शाळेतून एकच मुलगी पाठवायची होती, म्हणून शनिवारी मोठ्या वर्गात निवड ठेवली. मुख्याध्यापक रोहिदास सर मध्ये बसले. अर्धे शब्द भारतीबाईंनी द्यायचे, अर्धे नीताबाईंनी. एकेक मुलगी गळत गेली आणि शेवटी दोघी उरल्या, जानी आणि नवशी. आठवीतली नवशी नीताबाईंची जुनी शिष्या. तिला फोडाफोड जमत नसे, पण एकदा पाठ केलेलं ती झोपेतही म्हणून दाखवी.

“शेवटचा शब्द नीताबाईंचा,” सर म्हणाले.

नीताबाई उठल्या. शब्द त्यांनी कधीच काढून ठेवला होता. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या होत्या, कारण त्यांना साधा अवघड शब्द नको होता. फोडायला गेलं की फसवेल असा हवा होता. आणि तो नवशीकडून मागच्या वर्षी सातवीत घोकून घेतलेला होता, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं: असूया.

लिहून होताच त्यांचे कान तापले. इतके शब्द पडले होते, आपल्या हाताला नेमका हाच कसा लागला, असं त्यांच्या मनात आलं. पण आता पुसणार कसा?

नवशीने पाटीवर झरझर लिहिलं. जानी फळ्याकडे बघत राहिली. तिची नजर शब्दाच्या पुढून मागे गेली, मागून पुढे आली. मग तिचा चेहरा खुलला आणि तिनेही लिहिलं. तो खुललेला चेहरा नीताबाईंना पाहवला नाही. त्या उगाच खडूचे तुकडे गोळा करत बसल्या.

सरांनी नवशीची पाटी वाचली. “मत्सर. बरोबर.” मग जानीची घेतली. “जिच्यात सुया नाहीत ती. जे टोचत नाही ते.”

क्षणभर कुणाला कळेना. मग सर हसले आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग हसला. “अगं, सुयांचा सु ऱ्हस्व. इथे दीर्घ आहे, बघ की!”

जानीने मान खाली घातली.

“चूक माझी आहे, सर,” भारतीबाई म्हणाल्या. “प्रत्येक अ नकाराचा नसतो, हे मी सांगायला हवं होतं.” मग नीताबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, “शब्द फार छान काढलात, बाई.”

त्यांच्या बोलण्यात खोच असती तर नीताबाईंना बरं वाटलं असतं. ती शोधूनही सापडली नाही. नवशीचं नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या, नीताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

संध्याकाळी त्या क्वार्टरच्या पायरीवर हर्षालीचे केस विंचरत बसल्या होत्या. फाटकाची कडी वाजली. जानी आली होती. किती दिवसांनी! आली, आपल्याकडेच आली शेवटी, असं वाटून नीताबाई फणी तशीच धरून बसल्या.

“ये ना. बस.”

जानी बसली नाही.

“बाई, मग अर्थ काय त्याचा?”

“सरांनी वाचला ना? मत्सर.”

“मत्सर म्हणजे पण मला ठाऊक नाही. नवशीला विचारलं, तर ती म्हणे असूया.”

हर्षाली खुदकन हसली. नीताबाईंना मात्र हसू आलं नाही. शब्दाला शब्द लावून त्यांनी आजवर किती पोरींना वाटेला लावलं होतं, पण या पोरीसमोर ते जमेना.

“म्हणजे…” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “आपलं एक माणूस असतं. ते आपल्याजवळ बसायचं, आपल्याशी बोलायचं. मग दुसरंच कुणी येतं आणि ते तिकडं जातं. ते बघवत नाही. जेवण जात नाही. त्या दुसऱ्याने काही वाईट केलेलं नसतं, तरी त्याचं तोंड बघू नये असं वाटतं. त्याला असूया म्हणायचं.”

कळलं असेल का हिला, या भीतीने त्यांनी जानीकडे पाहिलं. जानी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती हर्षालीच्या केसांतल्या फणीकडे बघत होती.

“मग आहेत त्यात सुया,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“मना टोचतात, बाई. आधी तुम्ही माझी वेणी घालायच्या. ही आली, तवापासून हिचीच घालता. मी फाटकापर्यंत यायची रोज. बघायची आणि परत जायची.” मग तिने विचारलं, “त्यालाच असूया म्हणतात ना?”

शाळेकडे जेवणाची घंटा झाली, तशी जानी वळून निघाली.

“आई,” हर्षाली कळवळून म्हणाली, “केस सोड ना! किती ओढतेस!”