अबुलोनची सोयरीक

नोएलियाच्या ठरावाविरुद्ध पहिला हात वर गेला तो तिच्या वडिलांचा. फिदेन्सियोंनी तो सावकाश उचलला, पाणबुड्याचा जाड, मिठाने पांढुरका झालेला पंजा, आणि चेअरमनचं मोजून होईपर्यंत तसाच धरून ठेवला. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुन्ता सेनिसाच्या मच्छीमार सोसायटीची ती आमसभा होती. बाहा कॅलिफोर्नियाच्या त्या कोरड्या किनाऱ्यावर गाव जगतं ते अबुलोनवर. समुद्रतळाच्या खडकाला चिकटून राहणारा, एकाच शिंपीचा, तळहाताएवढा जीव. पुरुष तो बुडी मारून काढतात, बायका कारखान्यात डबाबंद करतात. गेल्या उन्हाळ्यात पाणी तापलं, तळाशी प्राणवायू उरला नाही आणि अबुलोन खडकांवरून गळून पडले. कितीतरी दिवस वाऱ्याला कुजका वास होता. वाचले ते विखुरलेले. फक्त भूशिरापाशी, जिथे सोसायटीने बरीच वर्षं मासेमारी बंद ठेवली होती, त्या पट्ट्यात थोडी दाटी शिल्लक होती.

तो पट्टा या हंगामापुरता उघडावा, असं चेअरमन एवारिस्तोचं म्हणणं होतं. ते वेडगळ नव्हतं. डिझेल लागतं, पोरांच्या शाळा असतात आणि नुसती शेवंडं पकडून वर्ष निघत नाही. नोएलिया एन्सेनादाला समुद्रशास्त्र शिकून परत आली होती आणि सोसायटीसाठी तळाची पाहणी करत होती. तिने नेमका उलटा ठराव मांडला. पट्टा बंदच ठेवायचा. शिवाय बाहेर जे एकेकटे उरलेत तेही विकायचे नाहीत. उचलून पट्ट्यात आणून ठेवायचे.

"म्हणजे पोरगी आता अबुलोनची लग्नं लावणार," मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

"सोयरीक मी जमवते," नोएलिया म्हणाली. "वरात तुम्ही न्यायची."

हसणं ओसरल्यावर तिने समजावून सांगितलं. नर-मादी एकमेकांकडे जात नाहीत. दोघंही आपापलं बीज पाण्यात सोडतात. अंतर चार हातांवर गेलं की प्रवाह ते वाहून नेतो. बाहेरचे अबुलोन आणखी पुष्कळ वर्षं जगतील, पण पिल्लं होणार नाहीत. आपण त्यांना भांडवल समजतोय, ती म्हणाली, पण त्या भांडवलावर व्याज येणं कधीच थांबलंय.

तेव्हा फिदेन्सियो उठले होते.

"पिल्लू विकण्याजोगं व्हायला किती वर्षं?"

"सात-आठ."

"तोवर माझी कंबर मला पाण्यात उतरू द्यायची नाही. म्हणजे आजही मला काही नाही आणि तेव्हाही नाही. मी हो कशासाठी म्हणू?"

नोएलिया त्यांच्याकडे वळली.

"ते मला सांगता येणार नाही, पापा," ती म्हणाली.

ते खाली बसले. मग कारखान्यातल्या बायकांची मुकादम आम्पारो बोलली. पट्टा उघडला तर कारखाना जेमतेम दोन आठवडे चालेल, हा हिशेब तिने बोटांवर करून दाखवला. "पुढे डब्यात काय भरू, एवारिस्तो? तुझी भाषणं?"

ठराव काठावर मंजूर झाला, आणि तोही कारखान्यातल्या बायकांच्या मतांमुळे. पाणबुड्यांना राखीव निधीतून अर्धी मजुरी द्यायची ठरली. घरी संध्याकाळी बापलेकीने समोरासमोर बसून तोर्तिया आणि घेवडा खाल्ला. आईने दोघांशी आळीपाळीने बोलून पाहिलं, मग तिने ताटं उचलली.

काम सुरू व्हायच्या सकाळी नोएलिया धक्क्यावर आली, तर वडील होडीत बसलेले. अंगात ठिगळं लावलेला जुना रबरी पोशाख, मांडीवर हवेची नळी.

"तुम्ही विरोधात होतात ना?"

"होतो. ठराव झाला ना पण?" ते म्हणाले. "चल, वारा सुटेल."

दुपारपर्यंत कामावरच्या तिन्ही होड्यांना मिळून एक टोपलंही भरलं नाही. खडकावरून सोडवताना कुणाची लोखंडी पट्टी लागून जीव जखमी झाला तर तो वाया जाई. अबुलोनचं रक्त सहसा थांबत नाही. फिदेन्सियोंच्या हातून एकही दुखावला नाही, पण त्यांनाही फारसे सापडले नाहीत. इतर दोन होड्या किनाऱ्याकडे वळल्या तेव्हा त्यांनी नावाड्याला उलट दिशेला, फेसाळत्या खडकांपलीकडे जायला सांगितलं. तिथे कुणी बुडी मारत नसे. नावाड्याने नोएलियाकडे पाहिलं. तिने मान हलवली.

ते खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. नळीला खुणेचा झटका बसला तेव्हा जाळी ओढायला दोघांना जोर लावावा लागला. आत अबुलोन होते. थोराड, पाठीवर शेवाळ आणि शंखांचे थर चढलेले, तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही अबुलोनहून मोठे. एकेक उचलून तिने पिंपातल्या पाण्यात ठेवलेल्या टोपल्यात ठेवला. पुढचा ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ती वडिलांकडे वळली. ते होडीचा काठ धरून धापा टाकत होते.

"हे कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"तुझ्या जन्माआधीपासून."

"कधी काढले नाहीत?"

"माझ्या शेवटच्या हंगामाला काढणार होतो," ते म्हणाले. तोंडातलं खारं पाणी थुंकून त्यांनी टोपल्याकडे पाहिलं. "किती जवळ ठेवायचे?"

तिने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

भूशिराच्या पट्ट्यात ते स्वतःच जाळी घेऊन उतरले. नोएलियाही मागोमाग गेली. शेवाळाच्या उंच झावळ्यांतून ऊन तिरपं खाली येत होतं. कपारीपाशी गुडघे टेकून ते एकेक अबुलोन खडकावर ठेवत, तो धरून बसेपर्यंत तळव्याने हलकेच दाबून धरत, मग दुसरा घेत. सगळे ठेवून झाल्यावर ते वर निघून गेले.

नोएलिया अंतर पाहायला पुढे सरकली. वीतभर सांगितलं होतं. त्यांनी तेवढंही ठेवलं नव्हतं. शिंपल्याला शिंपला भिडला होता.

तिने एकालाही हलवलं नाही.