खाणावळी शोधणारी स्कूटर

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. किती जुनी ते विचारू नका. मला सुरू करायला निघालेल्या माणसाला सातव्या किकला आपोआप अंदाज येतो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग फिका हिरवा होता आणि आवाज असा खणखणीत, की गल्लीतली माणसं वळून बघायची. मला घरी नेलं ते पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळं उपनगर त्यांना मीटरकाका म्हणायचं.

आमचं उपनगर म्हणजे एकासारख्या एक इमारती, अधूनमधून गॅरेज, लाँड्री, दवाखाना, आणि या सगळ्यांच्या फटीत दडलेल्या टीचभर खाणावळी. कुणाला पाटी नाही, कुणाला धड दार नाही. चार टेबलं आणि एक शेगडी, झालं! मोठ्या रस्त्याने जाणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. काकांना दिसायच्या, कारण आम्ही नेहमी मागच्या बाजूने जायचो. पाण्याचं मीटर मागच्या भिंतीपाशीच असतं ना! काका गुडघ्यावर बसून लोखंडी झाकण उचलायचे, आकडा वहीत टिपायचे, आणि मी शेजारी उभी राहून फोडणीचे वास घ्यायचे.

काका खाण्याचे भारी शौकीन. चांगली खाणावळ ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. "टेबलं चार आणि पाणी भरपूर, म्हणजे इथे भाज्या तीनदा धुतात, भांडी लख्ख घासतात. जेवण चांगलंच असणार!" असं ते मलाच सांगायचे. आणि खरं सांगते, बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. टायरच्या दुकानामागची आजी, शाळेच्या कुंपणाला टेकून अंडी तळणारे दोघे भाऊ, हे सगळे काकांनी मीटरवरून शोधले. दुपार झाली की ऑफिसातले लोक त्यांच्याभोवती जमायचे. "काका, आज कुठे?" तेव्हा त्यांची छाती फुगायची, आणि माझीही.

निवृत्तीच्या दिवशी मात्र फजिती झाली. काकांनी सगळ्या खात्याला जेवायला नेलं ते सर्वांत मोठ्या आकड्याच्या खाणावळीत, आधी चव न बघता. साहेबांनी सुपाचा एक चमचा तोंडात घातला आणि हळूच विचारलं, "काका, भांडी धुतलेलं पाणी वाढलंय का हो?" मागाहून कळलं, तिथला जमिनीखालचा पाइप वर्षभर गळत होता, आणि काका त्या गळतीला स्वच्छता समजून बसले होते! सगळे पोट धरधरून हसले. काका म्हणाले, "एखादा अपवाद असतोच." हट्टी माणूस.

त्यानंतर मी जिन्याखाली पडून राहिले. सीटवर रद्दीचे गठ्ठे, हँडलला ओल्या छत्र्या. वर्षानुवर्षं कुणी फडकं फिरवलं नाही. फार वाईट वाटायचं मला.

मग काकू आजारी पडल्या. ऑपरेशन करायचं होतं, पण अंगात ताकदच नव्हती. "आधी चार किलो वजन वाढवा, त्याशिवाय मी हात लावणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. काकूंची तर अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन घास, की ताट बाजूला. काकांनी स्वतः रांधून पाहिलं, ते त्यांनाच गिळवेना. शेवटी त्यांनी रद्दी उचलली, मला पुसलं, आणि आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. रोज एक खाणावळ, रोज हुकाला गरम डबा. आजीचा झाला, भावांचा झाला. संध्याकाळी काका जिन्याखालच्या मांजराला उरलेलं घालायला यायचे, तेव्हा डबा जवळजवळ भरलेलाच असायचा. मग ते माझ्या सीटवर नुसते बसून राहायचे.

यादी संपत आली, आणि एके दुपारी मी लाँड्रीमागच्या बोळात बंद पडले. मुद्दाम नाही हो, माझा प्लगच गेला. समोर एक खाणावळ होती. काकांनी ती पंधरा वर्षांपूर्वीच बाद केली होती. "एवढ्याशा पाण्यात काय धुणार ही बाई!" म्हणून.

काका प्लग घासत बसले. दारात खाणावळीच्या मावशी पालेभाजी धूत होत्या. टोपात बुडवली, पाणी बादलीत ओतलं. पुन्हा बुडवली. पुन्हा. बादलीतल्या पाण्याने त्यांनी पायरी धुतली आणि उरलेलं झाडांना घातलं. काकांचा हात थांबला.

"मावशी, रोज असंच धुता?"

"मग काय मातीसकट शिजवू? लहानपणी डोक्यावरून पाणी आणलंय हो. नळ सोडून द्यायचा म्हटलं की जीव तुटतो माझा."

काका आत जाऊन जेवले आणि बाहेर आले ते डोळे पुसत. "नोकरीभर या दारावरून नुसता आकडा टिपून गेलो," मला म्हणाले, "गाढव आहे मी!" मित्रांनो, त्या दिवशी काका मला फार मोठे वाटले.

त्यांनी डबा मागितला. कोणासाठी ते ऐकून मावशींनी तो रिकामाच परत केला. "त्यांनाच घेऊन या."

"अहो, तिला उठवत नाही."

"उठवेल. खाटेवर बसायचं, समोर कुणीतरी घास मोजतंय, आणि आपण खायचं! मला तरी जाईल का?"

दुसऱ्या दिवशी काकू माझ्यावर बसल्या. किती हलक्या झाल्या होत्या! मागे कुणी बसलंय असं वाटेचना. मी जिवाच्या कराराने एकेक खड्डा चुकवला. मावशींनी त्यांना शेगडीसमोरच्या टेबलाशी बसवलं, समोर सूप ठेवलं, आणि सरळ पाठ फिरवली. "काका, तुम्हीही बघू नका. या इकडे, शेंगा सोला."

काका मुकाट्याने सोलू लागले. शेजारच्या टेबलावर दवाखान्यातल्या नर्स हसत-खिदळत जेवत होत्या. काकूंनी एक चमचा घेतला. मग नुसताच चमचा वाटीत फिरवत राहिल्या. मी दाराबाहेर श्वास रोखून उभी.

"मावशी," काकूंचा आवाज आला, "आलं शेवटी घालता का हो तुम्ही? आधी परतून बघा."

मावशी वळल्या. "मग उठा की. दाखवा."

आणि काकू उठल्या! भिंत धरधरून शेगडीपाशी गेल्या. आलं परतलं, नवं सूप उकळलं, दोघींनी चव घेतली. काकूंनी आपली वाटी पुढे केली. "आता वाढा."

काकांनी मान वर केली नाही. ते दाणे टरफलांत टाकत होते आणि टरफलं दाण्यांत.

चार किलोंना दोन महिने लागले. ऑपरेशन झालं, काकू सुखरूप घरी आल्या. म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला जेवण जात नसेल तर नुसता डबा पाठवून थांबू नका. जिन्याखालची जुनी गाडी पुसा, आणि त्यांना घेऊन निघा. आकडे आणि पाट्या बघू नका. आत डोकावा.

आम्ही अजून जातो मावशींकडे. आता काकू मागे बसल्या की माझं मागचं चाक दबतं आणि चढावर मला धाप लागते. काका म्हणतात, "म्हातारी झाली बिचारी." म्हणू देत. मला ती धाप फार आवडते.