फळ्यावरचं तरस

सन २०२३. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या हिवाळ्यात शाळेच्या पत्र्यातल्या भोकातून उन्हाची एक काठी वर्गात उतरायची आणि बाई बरोबर तिच्याखाली उभ्या राहायच्या. ज्वारीच्या कणसांवर पहाटेची धुई बसावी तशी खडूची भुकटी त्यांच्या केसांवर बसायची. बोलताना खडू कानाशी उभा धरायची त्यांची लकब होती, जणू तोच त्यांना काही सांगतो आहे. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेले, नात कोमल माझ्या जिवावर. तिला पोचवून मी खिडकीबाहेर लिंबाखाली बसायचो.

बाई पोरांना रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांची माहिती लिहायला शिकवत होत्या. घुबड, वटवाघूळ, साळिंदर, तरस. फळ्यावर उभी रेघ. एका अंगाला ‘पाहिलं’, दुसऱ्या अंगाला ‘ऐकलं’. पोरांचं प्रत्येक वाक्य त्यांच्या शांत, कधीच न चढणाऱ्या आवाजातून सुपातल्या धान्यासारखं पाखडून निघायचं. फोल उडायचं, दाणा राहायचा, आणि तरी एकही पोर रुसायचं न्हाई, याचं मला लई नवल.

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या घळीत तरसाची मादी व्याली. शेळ्या जाऊ लागल्या. निम्म्या घरांत म्हाताऱ्यांपाशी नुसती लेकरं. दिवस कलला की दारं लागायची. एका सकाळी बिळाच्या तोंडाशी बोरीचे काटे रचून आत मिरच्यांची धुरी द्यायची, पिल्लांसकट संपवायचं, हे मीच ठरवलेलं. काटेही मीच तोडून ठेवले. तरस लेकरू नेतं, हे गावाला माझ्याच तोंडून ठाऊक होतं. माझा रांगता भाऊ त्यानं नेला होता.

धुरीच्या आदल्या दिवशी कोमलनं वर्गात तेच लिहिलं. बाईंनी ते ‘ऐकलं’च्या अंगाला टाकलं.

मी तडक वर्गात शिरलो. माझ्यामागं दारात, लिंबाखाली माझ्यापाशी बसलेली, चुलतभाऊ दगडू आणि चार माणसं येऊन उभी राहिली. ते वाक्य या अंगाला घ्या म्हणालो. रिकामा खड्डा, भोवती पंजे, मी ह्या डोळ्यांनी पाहिलेत. बाईंनी वाद घातला न्हाई. खडू कानाशी नेला.

“आबा, खड्डा कशाचा होता?”

“भावाला पुरलेला.”

“मग तरस आलं तेव्हा लेकरू जितं होतं का?”

पत्र्यावर चिमणीची नखं वाजत होती. पुरण्याआधी मी त्याचा तळपाय धरला होता. माठाखालच्या वाळूसारखा गार. जन्मभर मी गोष्ट खड्ड्यापासून सांगत आलो. तापापासून कुणी विचारलीच न्हवती.

“न्हाई,” मी म्हणालो. “तापानं गेलतं आदीच.”

बाईंनी फळ्यावरचं काही पुसलं न्हाई. कोमलच्या हाती खडू दिला, आणि पोरीनं ‘पाहिलं’च्या अंगाला सावकाश लिहिलं: तरस मेलेलं उकरून खातं. माझ्या आज्यानं पाहिलं.

बाहेर आल्यावर दगडू म्हणाला, “का रं, बाईला भ्यालास?”

“काटे माझे हायेत,” मी म्हणालो. “मिरच्या बी. तुमी शेळ्या दाराआड बांधा. घळीकडं कुणी जायचं न्हाई.”

बाई आता बदली होऊन दूर गेल्या. पत्र्याचं भोक बुजवलं, उन्हाची काठीही गेली. तरी पारावर कुणी छाती ठोकून बोलू लागला की माझ्या मनात ती उभी रेघ आपसूक ओढली जाते.

लहान लेकराच्या खड्ड्यावर, जनावरानं उकरू नये म्हणून, काटे रचायची आमच्याकडं रीत हाय. बापानं तेव्हा, आभाळ फाटल्यागत पाऊस लागलेला असताना, नुसती मातीच ओढली होती. वर्गातल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरीचे ते काटे डोक्यावर घेऊन घळीच्या उलट्या दिशेनं ओढ्याकाठी गेलो, भावाच्या खड्ड्याची जागा नेमकी उरलेली नसताना अंदाजानं ते रचले, आणि काळ तरसापेक्षा खोल उकरतो हे ठाऊक असूनही वर एक दगड ठेवला.