ब्रायनची जागा

ब्रायनला घेऊन येते, असं सांगून हिल्डा दोह्याहून निघाली होती. परतली ती एकटीच.

विमानतळावर नवरा न्यायला आला होता. वॉल्टरने तिची बॅग गाडीत टाकली आणि अल मुंतझातल्या फ्लॅटपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही. जे बोलायचं ते फोनवर बोलून झालं होतं. मुलाला इथे चिलीतच पुरावं असं वाटतंय, हे तिने तिकडून सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, “वसईला, नंदाखालच्या चर्चमध्ये सगळी तयारी झालीय. आण त्याला.” आणि फोन ठेवला होता.

ब्रायन त्यांचा एकुलता एक. दोह्यातच वाढला, जहाजावर इंजिनिअर झाला. चिलीच्या पार दक्षिण टोकाला, पुंता अरेनास नावाच्या बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीला थांबलं आणि तिथल्या कातालिनावर त्याचा जीव जडला. लग्न करून तो तिथेच राहिला, सामुद्रधुनीतल्या फेरीबोटींची इंजिनं सांभाळू लागला. दरवर्षी आईबापांना या म्हणायचा. पण वॉल्टर रास लफानच्या बंदरात शिफ्टवर, हिल्डा हॉस्पिटलात नर्स. दोघांच्या रजा काही जुळायच्या नाहीत. रिटायर झाल्यावर जाऊ, असं म्हणता म्हणता वॉल्टरची बायपास झाली. ती जखम भरते न भरते तोच बातमी आली. बंद पडलेल्या होडीच्या मदतीला ब्रायन छोट्या बोटीतून गेला होता आणि वाऱ्याने बोट उलटली.

डॉक्टरांनी वॉल्टरला एवढा प्रवास करू दिला नाही. हिल्डा एकटी गेली. साओ पावलो, सांतियागो, आणि तिथून आणखी कितीतरी खाली.

जून महिना, तिकडचा ऐन हिवाळा. सकाळ सरत आली तरी उजाडायचं नाही आणि चहाच्या वेळेला पुन्हा अंधार. रंगीत पत्र्यांची घरं, वाऱ्याने एकाच अंगाला कललेली झाडं. वारा सुटला की माणसांना धरून चालता यावं म्हणून चौकात दोर बांधले होते. दोर धरून चालताना सुनेने सासूच्या कमरेला हात घातला. दोघींची ती पहिलीच भेट.

कातालिनाने हट्ट केला नाही. ती हिल्डाला फक्त दफनभूमीत घेऊन गेली. उंच सुरूंच्या रांगांमध्ये तिच्या पणजोबांची कबर होती. ते क्रोएशियाहून सोनं शोधायला आले होते. पनामाचा कालवा झाला नव्हता तेव्हा जगभरची जहाजं या बंदरावरून जायची. कोणी सोन्यासाठी उतरलं, कोणी मेंढ्यांच्या लोकरीसाठी.

“सगळे चार पैसे कमवून परत जाणार होते,” कातालिना म्हणाली. मग तिने विचारलं, “वसईच्या घरात आता कोण असतं?”

“कुलूप असतं,” हिल्डा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिल्डाने मुलाला तिथेच मूठमाती दिली.

आता दोह्याच्या घरात वॉल्टर तिच्याशी कामापुरतं बोलायचा. कंपनीच्या बसने कामावर जायचा, यायचा, जेवायचा. सुट्टीच्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेला तो शेजारी बसला, पण शांतिदानाला सगळे एकमेकांशी हात मिळवत असताना त्याने हात पुढे केला नाही. हिल्डाने तेही सोसलं. बापाला मुलाचं तोंडही बघायला मिळालं नाही. आता रागाशिवाय त्याच्यापाशी काय उरलं होतं?

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

“तिथली माती फार गार असते का?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटच्या घरच्यांना बरं वाटावं म्हणून तिने कितीदा शब्द मऊ केले होते. आज तिला ते जमलं नाही.

“हो. फार.”

“त्याला एसी सोसायचा नाही,” वॉल्टर म्हणाला. “भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन झोपायचा.” आणि तो पलंगाच्या कडेला बसून रडू लागला. ऑपरेशनच्या जागी कळ येऊ नये म्हणून तिने त्याच्या छातीशी उशी धरली.

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं. तुम्ही फोन ठेवलात.”

त्याने उशीलाच डोळे पुसले. मग म्हणाला, “तिच्याशी बोलायचंय.”

हिल्डाने फोन लावून दिला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये दोघं जपून बोलू लागले. ब्रायन घरी काय जेवायचा, असं वॉल्टरने विचारलं. कातालिना म्हणाली, रविवारी तो नारळ घालून मासळीचं कालवण करायचा, पण आईच्या हातची चव काही यायची नाही. काय कमी पडतं ते त्याला कधी कळलंच नाही.

“आंबोशी,” वॉल्टर म्हणाला. “वाळवलेली कैरी.”

कैरी कशी चिरायची, मीठ किती लावायचं, किती ऊन द्यायचं, सगळं तो तिला सावकाश समजावत राहिला. तिकडे ऊन तेवढं पडत नाही, हे तिने त्याला सांगितलं नाही.